असा अर्ज करू नये

अर्जाच्या तिसऱ्या ओळीत पोपटराव बसले होते. नावानंच, पण बसले होते ते जुन्या रुबाबात, अख्खी ओळ अडवून. 'माझे आजोबा श्री. पोपटराव हे आमच्या गावच्या दूध संस्थेचे माजी सेक्रेटरी असून' इथपर्यंत अनुपमानं वाचलं आणि तिच्या हातातलं लाल पेन जिथं होतं तिथंच थांबलं. सोमवारची सकाळ. टेबलावर क्वालिटी इन्स्पेक्टरच्या एका जागेसाठी आलेले एकतीस अर्ज होते, बाजूला साय धरलेला चहा होता, खाली शॉपमध्ये प्रेस आपटत होते आणि त्यांची धडधड नेहमीसारखी खुर्चीच्या पायांतून तिच्या पोटऱ्यांत चढत होती. शिरूरहून कंपनीच्या बसनं येऊन तिला अर्धा तासही झाला नव्हता. आणि एकाएकी तिच्या नाकात दुधाच्या कॅनच्या झाकणाचा वास शिरला. आंबूस, कोमट, कितीही घासलं तरी न जाणारा. एसीच्या बंद खोलीत, रांजणगावच्या एमआयडीसीत, जिथं ऑइल आणि रंग याखेरीज दुसरा वास यायचं काही कारण नाही तिथं. तिनं पेन खाली ठेवलं आणि तळहात ओढणीला पुसला. घाम आला होता, आणि आपल्याला घाम आला याचाच तिला आधी राग आला.

मग तिनं तो अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. सावकाश, चाखत. सृष्टी, वय तेवीस, मेकॅनिकलचा डिप्लोमा, मूळ गाव खुटबावच्या अलीकडची वाडी, हल्ली मुक्काम चुलत्यांकडे शिरूर. अक्षर गोल, शाळकरी, आणि चुकाच चुका. ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व, वाक्य सुरू एकीकडे आणि संपतंय भलतीकडे. अनुपमा प्रत्येक चुकीभोवती लाल रिंगण काढत गेली. एरवी ती हे काम धुणं वाळत घालावं तसं करायची, मन दुसरीकडे ठेवून. आज प्रत्येक रिंगण काढताना तिच्या जिभेला पाणी सुटत होतं. चोवीस. दहाच्या वर चुका गेल्या की अर्ज बाद, हा नियम तिनंच केला होता, सात वर्षांपूर्वी. अर्ज मराठीत पाहिजे, स्वतःच्या हातानं लिहिलेला पाहिजे, पानभर पाहिजे. शॉपमधले लोक त्याला मॅडमची चाळण म्हणायचे. त्या चाळणीतून खाली पडलेले दीडदोनशे अर्ज तिच्या मागच्या लोखंडी कपाटात होते. ते तिनं फेकून का दिले नाहीत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तेवीस वर्षांपूर्वी तिचं नाव अनुपमा नव्हतं. तीन मुलींच्या पाठीवर चौथी आली तेव्हा आजीनं दवाखान्याच्या पायरीवरच तिचं नाव ठेवून टाकलं होतं, नकुशी. शाळेच्या दाखल्यावर तेच, बारावीच्या गुणपत्रिकेवर तेच, आणि दूध संस्थेतल्या क्लार्कच्या जागेसाठी तिनं जो अर्ज केला त्याच्याखालीही तेच, शक्य तितक्या वळणदार अक्षरात. तो अर्ज तिनं मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत बसून लिहिला होता. तीन कागद फाडले होते. बाहेर शेवंती फुलली होती आणि आप्पा, तिचे वडील हौसराव, वाफ्यांतून वाकून तोडा करत मधूनमधून विचारत होते, "झाला का गं? माझ्यापायी थांबू नगं, मला काय कळतंय त्यातलं." आप्पांना अक्षर येत नव्हतं. फुलांचं वजन हातावर तोलून छटाकापर्यंत सांगायचे, पण स्वतःचं नाव दिसलं तर ते आपलंच आहे हे त्यांना कळलं नसतं. अर्ज पोपटरावांकडे द्यायचा होता. संस्थेचे सेक्रेटरी, पांढरं धोतर, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक तांबडं. भाषणात तालुक्याच्या पुढाऱ्याचं व्याकरण सुधारायची त्यांची छाती होती. ते अर्ज नुसता नाकारू शकले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी नकुशी कॅन घेऊन गेली तेव्हा तो संस्थेच्या बोर्डावर होता, चार टाचण्यांनी ताणून लावलेला, तांबड्या रिंगणांनी भरलेला, आणि वरती पोपटरावांच्या सुरेख हातानं लिहिलेलं, 'असा अर्ज करू नये.' खाली तिचं नाव जसंच्या तसं. आणि कोपऱ्यात, एकूण चुका : एकोणीस. तिचं वयही तेवढंच होतं. सगळं गाव दिवसातून दोनदा त्या बोर्डासमोर रांगेत उभं राहायचं, दुधाची फॅट मोजून होईपर्यंत दुसरं काम नाही, लोकांनी वाचायचं नाही तर काय करायचं. कुणीतरी मोठ्यानं वाचलं. हसण्याची लाट रांगेच्या शेपटापर्यंत गेली आणि शेपटाशी नकुशी उभी होती.

हे तरी एक वेळ तिनं गिळलं असतं. गिळता आलं नाही ते पुढचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा सकाळचं दूध घालायला गेले ते शेवंतीचा हार घेऊन. दुपदरी, केळीच्या सोपात ओवलेला, मनगटाएवढा जाड. गावात कुणाचा सत्कार असला, कुणी नवा ट्रॅक्टर आणला, शाळेत झेंडा असला की आप्पा असा हार न सांगता नेऊन घालायचे, ती त्यांची सवय होती आणि तिचं गावाला कौतुकही होतं. तो हार त्यांनी बोर्डाच्या दोन खिळ्यांना अडकवला, पोरीच्या अर्जावर. मागे वळून रांगेला सांगितलं, "पोरीचा कागद लागलाय बोर्डावर." लोक हसून लोळले. अडाण्याला तांबडी रिंगणं शाबासकीची वाटली, ही गोष्ट यवतच्या बाजारापर्यंत गेली, चहाच्या टपरीवर सांगितली गेली, सोयऱ्याधायऱ्यांत पोचली. तिसऱ्या दिवशी पुन्हा ताजा हार. चौथ्या दिवशी पुन्हा. पाचव्या दिवशी नकुशी त्यांच्यामागून पळत गेली, सगळ्यांदेखत हार ओढून तोडला, चपलेखाली घातला आणि ओरडली, "अडाणी हायेत तुम्ही! काय कळतंय तुमाला? माझी लाज घालवली तुम्ही, त्यांनी न्हाई!" आप्पांनी खाली बसून फुलं गोळा केली. तुटकी वेगळी, धड वेगळी. सहाव्या दिवशी हार पुन्हा होता.

त्यानंतर ती गावात राहिली नाही. खुटबावच्या स्टेशनातून शटल धरून दौंडला गेली, रेल्वे कॉलनीत मावशीकडे राहिली, आणि स्टेशनमागच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागली. लग्नपत्रिका, वाढदिवसाची हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल. मालक म्हातारा, खवीस, एका वेलांटीसाठी पोटतिडकीनं भांडणारा. तीन वर्षं तिनं त्याच्यासमोर बसून मराठी भाषा शिकली, प्रेमानं नाही, सुरी पाजळावी तशी. डोळे दुखायचे, शिशाचा वास केसांत बसायचा, आणि वेलांटी सरळ होताना दर वेळी तिला पोपटरावांचं तोंड दिसायचं. बाहेरून बी.ए., मग पुण्यात पर्सोनेलचा कोर्स, गॅझेटमध्ये नाव बदलून अनुपमा. गावी ती सणावारालाही नाइलाजानं जायची. आप्पांशी बोलणं म्हणजे बरं आहे ना, औषध घेता ना, एवढंच. ही नोकरी लागली तेव्हा आप्पा खंडेनवमीला न कळवता इथं आले होते, दोन एसट्या बदलून, पिशवीत गेटसाठी हार घेऊन. रखवालदारानं वर फोन केला. मॅडम मीटिंगमध्ये आहेत असं सांग, असं तिनं सांगितलं. मीटिंग कसली नव्हतीच. गेटच्या आतल्या बाकावर ते तासभर बसले आणि पिशवी रखवालदाराकडे देऊन गेले. पुढच्या पावसाळ्यात ते वारले. त्याला आठ वर्षं झाली. अनुपमा खिडकीपाशी गेली की तो बाक दिसायचा, म्हणून तिनं टेबल भिंतीकडे तोंड करून लावलं होतं.

प्रॉडक्शनचा पृथ्वीराज दुपारी वर आला. पस्तिशीचा, बाह्या दुमडलेला, कुणाच्याही खोलीत उभ्यानंच बोलणारा. "मॅडम, ती सृष्टी नावाची मुलगी. शनिवारच्या प्रॅक्टिकलला एकतीस जणांत पहिली आहे. मी मुद्दाम चुकीचं माप दाखवणारा गेज दिला होता, एकटीनं ओळखला. तिला घालवू नका."

"चोवीस चुका आहेत."

"असू देत की. मला प्रेसवरून उतरलेला जॉब तपासणारी मुलगी पाहिजे, निबंध लिहिणारी नको."

"ती रजिस्टरमध्ये काय लिहील ते पुढच्या पाळीला कळायला नको?"

"पुढची पाळी बिहारची आहे, मॅडम. ती मराठी वाचतच नाही." आणि तो हसला. एरवी अनुपमाही हसली असती. या भांडणात गेली सात वर्षं ती जे बोलायची ते सगळं तिला पाठ होतं : जो अर्जात काळजी घेत नाही तो कामात काय घेणार, नीट लिहिणं म्हणजे समोरच्याचा मान राखणं. त्यातलं बरंचसं तिला खरंही वाटायचं. आज तिला त्यातलं काही नको होतं. "बुधवारी इंटरव्ह्यूला बोलवा तिला," ती म्हणाली. पृथ्वीराजला वाटलं आपण जिंकलो. तो आभार मानून गेला आणि अनुपमानं ड्रॉवरमधून कोरा पांढरा कार्ड पेपर काढला. मुलगी एकटी यायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या भागात मुलगी मुलाखतीला गेली की घरचं वडीलधारं माणूस सोबत येतंच, आणि सेक्रेटरी घरात असताना दुसरं कोण येणार. कार्डावर तिनं ठळक, सुरेख अक्षरात चार शब्द लिहिले. त्यातल्या 'नये'च्या मात्रेला पोपटराव द्यायचे तसलाच झोक दिला. तेवीस वर्षांनंतरही तो झोक तिच्या हाताला आयता सापडला, आणि तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, अंगावर काटा यावा इतका आनंद झाला.

बुधवारी सकाळी आठला तिनं स्वतः गेटवरचा काचेचा बोर्ड उघडला. कॅन्टीनचा मेनू काढला, सुट्ट्यांची यादी बाजूला सारली आणि मधोमध सृष्टीचा अर्ज लावला, चार टाचण्यांनी ताणून. वर कार्ड. कोपऱ्यात, एकूण चुका : चोवीस. रखवालदार रोहिदास बघत होता. वर येऊन तिनं आठ वर्षांत पहिल्यांदा खुर्ची खिडकीकडे वळवली. दहाच्या सुमाराला दोघं आली. मुलगी सडपातळ, पाठीला सॅक. म्हातारा तिच्या दंडाला धरून, दुसऱ्या हातात काठी, धोतर तेच पांढरं पण खांदे खिळ्याला अडकवलेल्या सदऱ्यासारखे. मुलगी बोर्डापाशी थांबली. बराच वेळ थांबली. मग म्हाताऱ्यानं तिला काहीतरी विचारलं आणि तिनं त्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं, आणि म्हातारा हसला. काठी काखेत धरून त्यानं बोर्डाला दोन्ही हात जोडले. हे असं व्हायचं नव्हतं. त्यानं वाचायचं होतं, त्याचं तोंड उतरायचं होतं, आणि ते तिला वरून बघायचं होतं. मुलगी आत गेली, म्हातारा बाकावर बसला. त्याच बाकावर. अनुपमा खाली उतरली.

"बसा की, बाई. हितं ऊन लागत न्हाई," पावलांची चाहूल लागताच पोपटराव म्हणाले. "तुमी हितल्याच का?"

"हो. ऑफिसात आहे." ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"माझं डोळं गेलं, तीन वर्सं झाली. आतल्या पडद्याचं दुखणं म्हणत्यात. माणूस हाय एवढं कळतं, तोंड दिसत न्हाई. वाचनं तर बंदच." त्यांनी बोर्डाच्या दिशेनं हनुवटी उचलली. "निवडीची यादी लागलीय म्हणं. नात म्हणली, आबा, माझं नाव सगळ्यात वर हाय."

म्हणजे मुलीनं हे सांगितलं होतं. अनुपमानं बाकाची कड घट्ट धरली. आता नुसतं वाचून दाखवायचं, बस. चोवीस रिंगणं, एकेक करून, त्याच्या कानात. पण भूक लागलेली असताना माणूस ताट जरा लांब धरून बघतं, तसं तिला झालं. आधी त्याला ते आठवू दे. "तुम्ही सेक्रेटरी होतात ना, आबा?" ती म्हणाली. "तुमच्या संस्थेत होता का असा बोर्ड?"

"व्हता की. लाकडी. त्येच्यावर मी एकदा एक गंमत केलती." ते हसले, दात नसलेलं, लाळेचं हसू. "हौसराव म्हणून एक फुलवाला व्हता. त्येच्या पोरीनं क्लार्कच्या जागंला अर्ज केला. जागा माझ्या भाच्याला द्यायची ठरलेलीच व्हती, पन पोरीचं मार्क जास्त. मग काय करता? चुका काढल्या आन् लावला बोर्डाला. लोक हसली, मी बी हसलो. संध्याकाळी हौसराव आला दूध घालायला. रांग सरंस्तवर थांबला आन् म्हणला, सेक्रेटरी, पोरीचा कागद दिसतोय, काय लिवलंय तेवढं वाचून दावा."

"पहिल्याच दिवशी?" अनुपमाचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"पहिल्याच. मी वाचला. सबंद. तांबडं कशाचं, त्ये बी सांगितलं. वरचं बी वाचलं, असा अर्ज करू नये. त्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली आन् म्हणला, बरं. दुसऱ्या दिवशी बघतो तर ह्यो एवढा हार. खालचं एक अक्षर दिसंल तर शपथ! मी म्हणलं, अरं हौसराव, काल सांगितलेलं समजलं न्हाई का तुला? तर कसा म्हणतो, समजलं की. पन बोर्ड तुमचा हाय, मळा माझा हाय. तुमी कागद लावा, मी फुलं घालतो. शेवंती माघापातुर पुरंल."

गेटमधून एक ट्रक रिव्हर्सचा भोंगा वाजवत आत आला. पोपटराव तो सरेपर्यंत थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "लोक त्याला येडा समजली. त्यो बी हसायचा त्यांच्यासंगं. मला एकट्याला ठावं, त्यो येडा न्हवता. रोज सकाळी हार घालायचा आन् माझ्याकडं बघायचा, नुसतं बघायचा. पोरीनं एक दिवस तोडला हार, चारचौघांत बापाला नाही नाही ते बोलली. दुसऱ्या दिवशी आला परत. मलाच कसंतरी झालं. म्हणलं, अरं, निदान पोरीला तरी सांग. तर म्हणला, नगं. तिला वाटू द्या बाप अडाणी. बापाला समदं वाचून दावलंय म्हणून कळलं, तर ती माझ्याफुडं मान वर करायची न्हाई. नऊ दिवस, बाई. मला झोप लागंना. दहाव्या दिवशी मीच काढला त्यो कागद. हरलो त्येच्याफुडं."

अनुपमा बोर्डाकडे बघत होती पण तिला दिसत होती मातीत बसलेली पाठ, आणि दोन ढिगाऱ्यांत वेगळी होणारी फुलं. तुटकी वेगळी, धड वेगळी. एवढा जाड हार कशाला, हे तिनं एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. तेवीस वर्षं तिनं ज्या बापाची लाज वाटून घेतली तो रोज पहाटे उठून, थंडीत, दव पडलेली फुलं तोडून तिचं नाव झाकायला जात होता. आणि तिनं त्याला गेटवर बसवून ठेवलं होतं. याच बाकावर. तिला ओरडावंसं वाटलं. ओरडायचं तरी कुणावर? शेजारी तो माणूस बसला होता, त्याच्या लाळेला दुधाचा वास येत होता आणि तो आपली गोष्ट सांगून मोकळा झाला होता. याच्यासाठी ती नुसती गोष्ट होती. हरलो म्हणाला आणि झालं. नाही. एवढ्यावर सुटका नाही.

"तेवढं वाचून दावा की, बाई," पोपटराव म्हणाले. "नातीचं नाव कसं लिवलंय ऐकू द्या."

ती उठली आणि बोर्डासमोर उभी राहिली. "असा अर्ज करू नये," तिनं वाचलं. स्पष्ट, छापखान्यातल्या प्रूफ वाचायच्या आवाजात. मग अर्ज वाचला, पहिल्या ओळीपासून, प्रत्येक रिंगणापाशी थांबून, इथं काय पाहिजे होतं आणि काय लिहिलंय ते सांगत. तिसऱ्या ओळीत त्यांचं स्वतःचं नाव आलं तेव्हा काठीवरचा हात हलला. ती थांबली नाही. कामगार येता जाता बघत होते. शेवटी तिनं कोपऱ्यातलं वाचलं आणि मागे वळली. "मी नकुशी. हौसरावांची चौथी."

पोपटरावांनी तोंड तिच्याकडे वळवलं, जे तोंड त्यांना दिसत नव्हतं त्याच्याकडे. "चोवीस म्हणलीस?" त्यांनी विचारलं.

"चोवीस."

"तुझ्या एकुणीस व्हत्या," पोपटराव म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "बरं."

वर मुलाखतीत सृष्टी तिच्यासमोर बसली, पृथ्वीराज बाजूच्या खुर्चीत. डोळे रडून कोरडे झालेले, पण मान सरळ. "बोर्ड बघितला?" अनुपमानं विचारलं.

"हो, मॅडम. फोटो काढून घेतला. मी पहिलीपासून इंग्लिश मीडियमला, आबांनीच घातलं. मराठी कुणी तपासलंच नाही कधी. इतक्या चुका कुणी एका जागी दाखवल्या नव्हत्या, त्या मी शिकेन. तीन महिने द्या, पुन्हा अर्ज लिहून घ्या माझ्याकडून." ती थांबली. "पण मॅडम, नाव झाकायला पाहिजे होतं."

पृथ्वीराजनं खाली बघितलं. अनुपमानं निकाल कळवू एवढंच सांगितलं. मुलगी गेल्यावर तिनं मागचं लोखंडी कपाट उघडलं आणि त्या गठ्ठ्यांकडे बघत उभी राहिली. दीडदोनशे नावं. त्यांच्या बापांना कुणी काय वाचून दाखवलं असेल कुणास ठाऊक. बोर्डावरचा अर्ज काढायला ती संध्याकाळी खाली गेली नाही. काढावा असं वाटत होतं आणि काढावासा वाटत नव्हता. बस चुकेल या सबबीवर ती तशीच निघून गेली.

गुरुवारी सकाळी बस गेटपाशी वळली आणि तिला पिवळं काहीतरी दिसलं. बोर्डाच्या चौकटीवर शेवंतीचा हार होता. बाजारचा, जरीच्या दोऱ्यात ओवलेला, पाणी मारून ताजा ठेवलेला, पण दुपदरी आणि मनगटाएवढा जाड. काचेच्या आतलं एकही अक्षर दिसत नव्हतं. चुकांचा आकडाही नाही. रोहिदास पुढे आला. "मॅडम, त्यो कालचा म्हातारा. पहिल्या पाळीच्या आदीच रिक्षानं आला, शिरूरवरनं. काठीनं चाचपडत बोर्ड हुडकला. मी म्हणलं, आबा, हितं हार घालायची परवानगी न्हाई. तर म्हणला, तुज्या मॅडमला इचार, हाय का न्हाई. उद्या बी येनार म्हणला." तो घुटमळला. "काढू का?"

अनुपमानं हाराला हात लावला. गार होता, ओला. फुलं आप्पांच्या मळ्यातल्यापेक्षा बारीक, देठाजवळ काळसर पडलेली. तिनं बोटं नाकाशी नेली आणि दुधाचा वास आला नाही. ती वर गेली. सृष्टीचं नेमणूकपत्र टाइप करून घेतलं, दोनदा वाचलं, सही केली. तारीख घातली ती आठ दिवसांनंतरची. पत्र ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि गेटवर फोन केला.

"हार राहू दे, रोहिदास. सुकला तरी तू काढायचा नाहीस. आणि ते आबा उद्या आले तर त्यांना अडवू नकोस."

"किती दिवस, मॅडम?"

"आजचा धरून नऊ."

"पन मधी रविवार येतोय. कंपनी बंद."

"बोर्ड बंद नसतो."

"म्हातारं मानूस हाय, मॅडम. एखाद्या दिवशी न्हाई आलं तर?"

अनुपमानं ड्रॉवरची किल्ली पर्समध्ये टाकली, खुर्ची खिडकीकडे ओढली आणि बाकाकडे बघत बसली. "तर मला सांगायचं," ती म्हणाली. आप्पा एकही दिवस चुकले नव्हते.